बेडफर्डचा कैदी आणि बेडफर्डचा पुतळा

थोर ग्रंथकारांचे स्मरण करणे ही सर्व राष्ट्रांची रीत आहे. ज्याच्या लेखणीने देशाची भाषा सजली, त्याचा पुतळा चौकात बसवितात, त्याच्या जन्माची शताब्दी पाळतात, आणि त्याचे घर पाहावयास लोक दुरून येतात. ही रीत चांगली आहे. परंतु तिच्या पोटी दोन प्रश्न नेहमी राहतात. ज्याचा आज गौरव होत आहे तो जिवंत असता त्याच राष्ट्राने त्याला कसे वागविले? आणि गौरवाचा दिवस उगवेपर्यंत त्याची आठवण कोणी राखली? संदेष्ट्यांची थडगी बांधणाऱ्या, पण त्यांच्या मार्गाने न चालणाऱ्या लोकांविषयी आपल्या प्रभूने जे कठोर भाषण केले, ते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात आपण वाचतोच.

या प्रश्नांचा विचार करण्यास जॉन बनियन याच्या चरित्रासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. फुटकी भांडी सांधणाऱ्या बापाच्या पोटी तो इंग्लंडातील एका खेड्यात जन्मला. राजाच्या न्यायाधीशांनी त्याला बेडफर्ड येथे बारा वर्षे तुरुंगात ठेविले. आणि सुमारे दोनशे वर्षांनी त्याच बेडफर्डात एका ड्यूकने त्याचा ब्राँझचा पुतळा उभा करविला. तुरुंग आणि पुतळा यांच्यामध्ये काय घडले, ते आपण पाहू.

जन्म व तारुण्य

बेडफर्ड नगराजवळ एल्स्टो नावाचे खेडे आहे. तेथील देवळात ३० नोव्हेंबर १६२८ रोजी जॉन बनियन याचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या पूर्वजांची त्या भागात एके काळी बरीच जमीन होती. परंतु पिढ्यानपिढ्या ती विकली जाऊन, बाप थॉमस याच्यापाशी एक झोपडीवजा घर आणि भांड्यांना डाग देण्याचा धंदा एवढेच उरले होते. जॉनला थोडे दिवस शाळेत घातले. तेथे तो लिहावयास वाचावयास शिकला, पण शिकलेले लवकरच विसरला, आणि बापाच्या भात्यापाशी बसू लागला.

१६४४ साली, तो पंधरा वर्षांचा असता, जून महिन्यात त्याची आई वारली, जुलैत बहीण वारली, आणि ऑगस्टात बापाने दुसरे लग्न केले. त्याच वर्षी तो पार्लमेंटच्या सैन्यात भरती झाला, कारण त्या वेळी राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यामध्ये यादवी युद्ध चालले होते. एकदा एका वेढ्यास जाण्याची पाळी त्याची होती. परंतु दुसऱ्या एका शिपायाने त्याच्या जागी जाण्याची इच्छा दाखविली. तो शिपाई पहाऱ्यावर उभा असता डोक्यात गोळी लागून मेला. ही गोष्ट बनियन जन्मभर विसरला नाही.

घरी परतल्यावर त्याने लग्न केले. त्या पहिल्या पत्नीचे नाव इतिहासास ठाऊक नाही. ती इतकी गरीब होती की दोघांच्या घरात ताटवाटीदेखील पुरती नव्हती; मात्र तिने माहेराहून दोन धार्मिक पुस्तके आणिली होती. ती वाचता वाचता त्याचे विसरलेले वाचन पुन्हा जागे झाले. १६५० साली त्यांना मेरी नावाची कन्या झाली, ती आंधळी होती.

दारात बसलेल्या स्त्रिया

तरुणपणी बनियन फार शिव्या देत असे, आणि रविवारी गावच्या माळावर विटीदांडूसारखा खेळ खेळण्यात दंग असे. याहून मोठे दुराचार त्याच्या नावावर कोणी सिद्ध करू शकले नाही. तरी पुढे आपल्या आत्मचरित्रात त्याने स्वतःला अतिशय नीच ठरविले आहे. काही वर्षे त्याने बाहेरून सुधारणा केली, देवळास जाऊ लागला, आणि शेजारी त्याची वाखाणणी करू लागले. तरी अंतःकरणास शांती नव्हती.

एके दिवशी तो धंद्याच्या कामाने बेडफर्डच्या रस्त्याने चालला असता, तीन-चार गरीब स्त्रिया एका दारात उन्हाला बसून देवाविषयी बोलत होत्या. तो जवळ जाऊन ऐकू लागला. आपणही धर्माविषयी बरेच बोलू शकतो असे त्याला वाटत होते. परंतु त्या बायका ज्या आनंदाने आपल्या मनातील पालटाविषयी बोलत होत्या, तो आनंद आपणास मुळीच ठाऊक नाही, हे त्याला कळून चुकले. कोणा पंडिताच्या व्याख्यानाने जे झाले नव्हते, ते या बोलण्याने झाले. त्या स्त्रिया जॉन गिफर्ड या पाळकाच्या मंडळीतल्या होत्या. हा गिफर्ड पूर्वी राजाच्या सैन्यात मेजर होता, म्हणजे युद्धात बनियनच्या विरुद्ध बाजूचा. पुष्कळ दिवसांच्या आत्मिक झगड्यानंतर, आणि मार्टिन ल्यूथरच्या गलतीकरांस पत्रावरील टीकेचे साहाय्य मिळून, बनियन त्या मंडळीत सामील झाला.

काही वर्षांत मंडळीने त्याच्यामधील बोलण्याची शक्ती ओळखली, आणि तो आसपासच्या खेड्यांतून उपदेश करू लागला. भांडी सांधणारा माणूस देवाचे वचन सांगतो हे ऐकण्यास लोक कोठाराकोठारांतून जमत. विद्वान मंडळी हसत. ज्याने विद्यापीठ पाहिले नाही, ज्याच्या पाठीवर हत्यारांची पिशवी असते, त्याने शास्त्र शिकवावे काय, असा त्यांचा आक्षेप होता. १६५८ साली त्याची पत्नी चार मुले मागे ठेवून वारली. पुढील वर्षी त्याने एलिझाबेथ नावाच्या धैर्यवान तरुणीशी विवाह केला.

बारा वर्षांचा बंदिवास

१६६० साली दुसरा चार्ल्स राजा होऊन राज्य पालटले. राजमान्य मंडळीच्या बाहेर उपासना चालविणाऱ्यांवर पुन्हा जुने कायदे लागू झाले. त्याच वर्षी १२ नोव्हेंबर रोजी हार्लिंग्टनजवळील लोअर सॅम्सेल या वस्तीत बनियन उपदेश करावयास गेला. वॉरंट निघाले आहे ही वर्दी त्याला आधीच लागली होती, आणि पळून जाण्यास वेळ होता. परंतु आपण पळालो तर नव्या विश्वासणाऱ्यांचे धैर्य खचेल, असा विचार करून तो तेथेच राहिला, आणि पकडला गेला.

जानेवारी १६६१ मध्ये त्याला शिक्षा झाली. कायदा १५९३ सालचा होता: तीन महिने कैद, त्यानंतरही तो राजमान्य देवळात जाण्यास व उपदेश सोडण्यास कबूल न झाल्यास हद्दपारी, आणि परवानगीवाचून परत आल्यास फाशी. उपदेश करणार नाही एवढे वचन दिले असते तर तो सुटला असता. ते त्याने दिले नाही. म्हणून त्याला हद्दपार न करिता तुरुंगातच ठेविले, आणि तीन महिन्यांची बारा वर्षे झाली.

अटकेची बातमी ऐकून एलिझाबेथ अकाली प्रसूत झाली, आणि मूल गेले. तरीही ऑगस्ट १६६१ मध्ये बेडफर्डच्या स्वान नावाच्या खाणावळीत न्यायाधीश बसले असता ती एकटी त्यांच्यापुढे उभी राहिली. आपल्या पदरी चार सावत्र मुले आहेत, त्यांतील एक आंधळे आहे, आणि लोकांच्या दानावर घर चालले आहे, हे तिने सांगितले. ट्विस्डन नावाचा न्यायाधीश तिच्यावर रागावला. सर मॅथ्यू हेल यांनी मात्र तिचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले, आणि कायद्याने कोणते अर्ज करिता येतील ते सांगितले. अर्जांचा उपयोग झाला नाही. पण एका गरीब स्त्रीने त्या दिवशी जे धैर्य दाखविले, ते वाचून आजही मन भरून येते.

तुरुंगात बनियन बुटांच्या नाड्यांना धातूची टोके बसवून घरच्यांस थोडा पैसा पाठवी. आंधळ्या मेरीपासून दूर राहणे त्याला सर्वांत कठीण गेले. त्याच्यापाशी दोन ग्रंथ होते: पवित्र शास्त्र आणि फॉक्सचा रक्तसाक्ष्यांचा इतिहास. त्यांच्या साहाय्याने तो लिहू लागला. १६६६ साली त्याचे आत्मचरित्र छापून निघाले. १६७२ साली राजाने दंडाचे कायदे स्थगित करणारा जाहीरनामा काढिला, तेव्हा तो सुटला. त्याच वर्षीच्या जानेवारीत बेडफर्डच्या मंडळीने त्याला आपला पाळक निवडले होते. पुढे जाहीरनामा रद्द झाला, आणि १६७६ च्या अखेरीस त्याला आणखी सुमारे सहा महिने बंदिवास घडला.

यात्रेचे पुस्तक

त्या बंदिवासात सुरू झालेले एक पुस्तक १६७८ साली लंडनचा पुस्तकविक्रेता नॅथॅनिएल पॉन्डर याने छापिले. तेच पिलग्रिम्स प्रोग्रेस होय. पाठीवर ओझे घेतलेला एक मनुष्य नाशाच्या नगरातून निघतो, चिखलात रुततो, वधस्तंभापाशी त्याचे ओझे गळून पडते, बाजारात त्याचा छळ होतो, निराशा नावाच्या राक्षसाच्या किल्ल्यात तो कोंडला जातो, आणि शेवटी नदी उतरून स्वर्गीय नगरात पोहोचतो, अशी ती कथा आहे. असली रूपककथा छापावी की न छापावी, याविषयी त्याच्या मित्रांतच मतभेद होता. काहींस ती हलकी वाटली. पण पुस्तक साध्या कागदावर निघाले, किंमत दीड शिलिंग होती, आणि बनियनच्या हयातीत त्याच्या अकरा आवृत्त्या झाल्या. पहिल्या आवृत्तीच्या प्रती आज अगदी थोड्या उरल्या आहेत, कारण लोकांनी त्या वाचून वाचून झिजविल्या. १६८४ साली त्याने दुसरा भाग लिहिला. त्यात यात्रेकरूची पत्नी व मुले यांचा प्रवास आहे.

१६८८ च्या ऑगस्टात एक बाप आपल्या मुलावर रुष्ट झाला होता. त्या दोघांचा समेट करण्यासाठी बनियन रेडिंग येथे गेला. समेट झाला. तेथून भर पावसात घोड्यावरून लंडनास आल्यावर त्याला ताप आला, आणि ३१ ऑगस्ट रोजी एका किराणा दुकानदार मित्राच्या घरी त्याचे देहावसान झाले. बनहिल फील्ड्स या दफनभूमीत त्याला पुरिले. राजमान्य मंडळीच्या बाहेरच्या लोकांस तेथे जागा मिळत असे. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, १६८९ साली, त्याच्यासारख्यांना निर्भयपणे उपासना करू देणारा कायदा झाला. ज्यासाठी त्याने बारा वर्षे दिली, ते पाहावयास तो राहिला नाही.

आठवण कोणी राखली

त्याच्या मरणानंतर इंग्लंडच्या पुढाऱ्यांनी स्मारक उभारले नाही. त्याचे लेख एकत्र करण्याची खटपट चार्ल्स डो नावाच्या मनुष्याने केली, आणि १६९२ साली त्यांचा एक मोठा खंड छापून घेतला. हा डो कंगवे बनविणारा कारागीर होता. आपली अटक व चौकशी यांचा जो वृत्तान्त बनियनने स्वतः लिहून ठेविला होता, तो तर १७६५ पर्यंत छापला गेला नाही. तोवर तो घराण्यातच राहिला.

यानंतर सुमारे दीडशे वर्षे एक विलक्षण प्रकार चालला. शेतकरी, विणकर, मोलकरणी आणि शाळेत न गेलेली मुले हे पुस्तक वाचीत होती. पुष्कळ घरांत पवित्र शास्त्राशेजारी हेच एक दुसरे पुस्तक असे. परंतु सुशिक्षित समाजात त्याचे नाव घेणे हे अडाणीपणाचे लक्षण ठरले. १७५७ साली तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूम याने अभिरुचीवर एक निबंध लिहिला. त्यात, बनियनला ॲडिसनच्या बरोबरीचा मानणारा मनुष्य हास्यास्पद होय, अशा अर्थाचे उदाहरण त्याने दिले. याहून विचित्र गोष्ट विल्यम कूपर या भक्तिमान कवीची. १७८५ साली त्याने आपल्या एका काव्यात बनियनची मनापासून स्तुती केली. पण लोक हसतील म्हणून नाव मात्र मुद्दाम गाळिले. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सनसारखे थोडे पंडित उघड प्रशंसा करीत. पण ते अपवाद होते.

१८३० साली राजकवी रॉबर्ट साउदी याने बनियनचे चरित्र जोडून एक सुंदर आवृत्ती काढिली, आणि तिजवर मेकॉले याने प्रसिद्ध परीक्षण लिहिले. हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षणाविषयी १८३५ साली ज्याचे टिपण गाजले, तोच हा मेकॉले. त्याने या भांडी सांधणाऱ्यास कल्पनाशक्तीच्या बाबतीत मिल्टनच्या शेजारी बसविले. सुशिक्षितांची लाज तेव्हापासून ओसरली. आता इकडे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विद्वानांनी बनियनला शोधून काढले असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु गरिबांपाशी तो हरवलेलाच नव्हता.

पुतळा आणि कायदा

मग गौरवाची रांग लागली. १८६२ साली लोकवर्गणीतून बनहिल फील्ड्स येथील त्याच्या थडग्याचा जीर्णोद्धार झाला, आणि त्यावर त्याची निजलेली मूर्ती बसविली. १० जून १८७४ रोजी बेडफर्ड येथे मोठ्या समुदायासमोर त्याच्या पुतळ्याचे अनावरण झाले. शिल्पकार जोसेफ एडगर बोम होता. खर्च नवव्या ड्यूक ऑफ बेडफर्डने केला. आणि पडदा वेस्टमिन्स्टरच्या डीनच्या पत्नी लेडी ऑगस्टा स्टॅन्ली यांच्या हस्ते दूर झाला. ज्या राजमान्य मंडळीच्या नावाने त्याला कोंडिले होते, तिचाच एक मोठा अधिकारी त्या दिवशी त्याची थोरवी वर्णन करीत होता. दोन वर्षांनी त्याच ड्यूकने बनियनच्या मंडळीच्या मंदिरास ब्राँझची कोरीव दारे दिली. बेडफर्डचा जुना तुरुंग १८०१ साली पाडला गेला होता; त्याचे एक दार आता त्या मंदिराच्या संग्रहालयात जपून ठेविले आहे.

हे सर्व आनंदाचे आहे. तथापि त्या दिवसाचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. १८७४ साली इंग्लंडातील कायदा असा होता की, गावच्या देवळाच्या दफनभूमीत बनियनच्या मार्गाचा मनुष्य पुरावयाचा झाल्यास त्याच्या पाळकाला तेथे आपल्या रीतीने प्रार्थना चालविता येत नसे. ती अडचण १८८० च्या कायद्याने दूर झाली. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदव्यांवरील व अधिकारांवरील धर्माच्या अटीही १८७१ सालीच सरसकट उठल्या होत्या. म्हणजे मेलेल्या बनियनचा पुतळा उभा राहिला, तरी त्याच्या जिवंत भावांस स्मशानात पुरता हक्क मिळण्यास आणखी सहा वर्षे लागली. पुतळ्याचा खर्च एका धनवानाला उचलता येतो. कायदा पालटण्यास सर्वांचे मन पालटावे लागते.

पुढे १९१२ साली वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसविण्यात आली. १९२८ साली जन्माची त्रिशताब्दी झाली. १९५१ साली राल्फ वॉन विल्यम्स या संगीतकाराने यात्रेच्या कथेवर रचलेले संगीतनाटक लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात झाले. इंग्लंडच्या राजमान्य मंडळीच्या दिनदर्शिकेत आज ३० ऑगस्ट हा दिवस बनियनच्या स्मरणाचा आहे. मात्र गौरव करिताना त्याला थोडे गुळगुळीतही केले गेले. यात्रेकरूचे जे गीत त्याने दुसऱ्या भागात लिहिले, त्यात भुतेखेते व सैतान यांचा उल्लेख आहे. १९०६ साली राजमान्य मंडळीच्या गीतपुस्तकात ते घेताना संपादकाने शब्द बदलून ते सौम्य केले. खेडवळ माणसाला सभेत बसविण्यापूर्वी त्याचे कपडे बदलावे, तशीच ही गोष्ट झाली.

नवे परीक्षण

विसाव्या शतकात इतिहासकारांनी बनियनकडे पुन्हा नव्याने पाहिले. जुन्या चित्रांत त्याचा बंदिवास नदीच्या पुलावरील लहान तुरुंगात दाखवीत. परंतु बारा वर्षे त्याने परगण्याच्या मोठ्या तुरुंगात काढिली, हे कागदपत्रांवरून ठरले. १९६३ साली एडवर्ड थॉम्प्सन याने इंग्लंडच्या कामकरी वर्गाचा इतिहास लिहिला, तेव्हा त्या वर्गाला बळ देणाऱ्या दोन मूळ पुस्तकांपैकी एक म्हणून त्याने यात्रेच्या पुस्तकाची गणना केली. १९८८ साली, मृत्यूला तीनशे वर्षे झाली त्या वर्षी, क्रिस्टोफर हिल या इतिहासकाराचा ग्रंथ निघाला. बनियन हा केवळ शांत भक्त नव्हता, तर जमीन गमावलेल्या व सत्तेखाली चिरडलेल्या लोकांचा आवाज होता, आणि म्हणूनच अधिकाऱ्यांना तो भयंकर वाटला, हे त्यात सविस्तर दाखविले आहे.

यानंतर दक्षिण आफ्रिकेतील विदुषी इसाबेल हॉफमेयर हिने २००४ साली आणखी एक गोष्ट पुढे आणिली. यात्रेचे पुस्तक जगातील सुमारे दोनशे भाषांत गेले असून त्यांपैकी सुमारे ऐंशी आफ्रिकेच्या आहेत. जे पुस्तक परदेशांतील लोकांनी आपले मानून जगभर पसरविले, त्याच्या लेखकाला इंग्लंडच्या पंडितांनी पुढे केवळ इंग्रजांचे भूषण ठरविले, आणि बाहेरच्या वाचकांचा वाटा विसरला, असे तिचे म्हणणे आहे. मादागास्कर बेटात रानावालोना राणीच्या कारकिर्दीत ख्रिस्ती लोकांचा घोर छळ झाला, तेव्हा तेथील विश्वासणाऱ्यांनी या पुस्तकाच्या प्रती हाताने लिहून काढून लपवून ठेविल्या. मराठीतही हे पुस्तक फार लवकर आले. हरि केशवजी यांनी केलेले भाषांतर यात्रिक क्रमण या नावाने १८४१ साली प्रसिद्ध झाले. बाबा पदमनजींचे यमुनापर्यटन हे १८५७ चे; म्हणजे मराठीत कादंबरी जन्मण्याच्या सोळा वर्षे आधीच बनियनचा यात्रेकरू महाराष्ट्रात येऊन पोहोचला होता.

नव्या परीक्षणात त्याचे दोषही झाकलेले नाहीत, आणि ते झाकूही नयेत. त्याचे पहिले पुस्तक क्वेकर लोकांवर हल्ला करणारे होते, आणि पुढे ते क्वेकरही त्याच्यासारखेच तुरुंगात गेले. रोमन मंडळीविषयी त्याने जे चित्र रेखाटले, ते आज आपणास कठोर वाटते. सर्वांत खेदाची गोष्ट ही की, १६८३ साली स्त्रियांनी स्वतंत्र प्रार्थनासभा भरवू नयेत असे प्रतिपादन करणारे पुस्तक त्याने लिहिले. ज्याला जिवंत विश्वासाची ओळख दारात बसलेल्या स्त्रियांच्या बोलण्याने झाली, आणि ज्याच्यासाठी एलिझाबेथ न्यायाधीशांपुढे उभी राहिली, त्याने असे लिहावे हे आश्चर्य आहे. तरी दुसऱ्या बाजूला, पाण्याच्या बाप्तिस्म्याच्या रीतीवरून मंडळ्या भांडत असता, त्या मतभेदामुळे प्रभुभोजनात फूट पाडू नये असे १६७३ साली त्याने धैर्याने प्रतिपादिले, आणि आपल्याच मतबंधूंचा रोष ओढवून घेतला. मोठ्या मनुष्याचे खरे स्मरण म्हणजे त्याला देव न करिता, त्याचे चांगले घेणे आणि त्याची चूक ओळखणे हे होय.

आपल्यासाठी

गावोगावच्या मंडळ्यांत काम करणाऱ्या शिक्षक व उपदेशक बंधूंनी या चरित्राचा विशेष विचार करावा. पाठीवर हत्यारांची पिशवी घेऊन हिंडणाऱ्याला देवाच्या वचनाचा अधिकार कोठून आला, हा प्रश्न बनियनला विचारला गेला. तसा तो आपल्यापैकी पुष्कळांना जात आणि धंदा यांवरून विचारला गेला आहे. बनियनने उत्तरादाखल भाषा बदलली नाही. भट्टीपाशी, बाजारात व रस्त्यावर तो जी बोली बोलत असे, तीच त्याने लेखणीत घेतली, आणि ज्या भाषेला विद्वान हसले, तिच्याचमुळे ते पुस्तक टिकले. आपल्या खेड्यांतील बोलीत साक्ष देण्याची कोणीही लाज बाळगू नये.

दुसरे असे की, दारात बसून बोलणाऱ्या गरीब बहिणींचे बोलणे कोणी तुच्छ मानू नये. बेडफर्डच्या त्या स्त्रियांची नावे कोणत्याही पुतळ्यावर कोरलेली नाहीत. पण त्या दिवशी त्या गप्प बसल्या असत्या, तर पुढचे पुस्तक कोणी लिहिले असते?

तिसरे, आपल्यामध्ये ज्या वृद्ध उपदेशकांनी व शिक्षिकांनी छळ सोसून मंडळ्या उभ्या केल्या, त्यांची आठवण कशी ठेवावी, हे आपणच ठरवावयाचे आहे. त्यांच्या नावाची फरशी बसविणे वाईट नाही. परंतु ते जिवंत असता त्यांची विचारपूस करणे, त्यांच्या अनुभवांची हकिगत लिहून ठेवणे, आणि ज्या अन्यायाविरुद्ध ते उभे राहिले तो आपल्या गावात अजून कोणावर होत असेल तर तो दूर करणे, हे अधिक अगत्याचे आहे. कंगवे बनविणाऱ्या चार्ल्स डोने जे केले, ते कोणत्याही गावातील वाचता-लिहिता येणाऱ्या मनुष्यास करिता येईल.

बेडफर्डचा पुतळा अजून उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी यात्रेच्या कथेतील प्रसंग कोरलेले आहेत. तेथवर जाणे आपणांपैकी फारच थोड्यांना घडेल. यात्रेचे पुस्तक मात्र मराठीत येऊन पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली. ज्या मंडळीत त्याची प्रत असेल, तेथे येत्या हिवाळ्याच्या लांब रात्रींत कोणी तरी ती दिव्यापाशी घेऊन बसावे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना एकेक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे. इंग्लंडच्या गरिबांनी दीडशे वर्षे त्याचे स्मरण असेच राखले.